पंच म्हणून कृष्णाताची सही

उचगावच्या लालासाब शिकलगाराचा धंदा धार लावायचा. विळे, खुरपी, कोयते. आणि दसरा जवळ आला की देसाई-पाटलांच्या जुन्या तलवारी घासूनपुसून द्यायच्या. १९७४ च्या भाद्रपदात नेसरीच्या एका घराण्याची तलवार अशीच त्याच्याकडे आली होती. त्याच आठवड्यात एका सकाळी फौजदार चार शिपाई घेऊन घरात शिरला.

"झडतीचा कागद काय हाय का, सायेब?" लालासाबनं विचारलं.

"तू मला कागद विचारतोस?"

शिपायांनी जोंधळ्याची कणगी उपसली, त्याच्या बायकोची, बिबीजानची, ट्रंक अंगणात पालथी केली. तलवार तर पडवीत खुंटीलाच होती. ती, गिऱ्हाइकांचे कोयते, वर धारेचं चाकसुद्धा नेलं. बेकायदा हत्यार लपवल्याचा खटला झाला.

कोल्हापूरच्या कोर्टात पंच म्हणून उभा राहिला कृष्णात चौगले. वीस वर्षांपासूनचा शेजारी, भिंतीला भिंत, गिरणीत कामाला. बिबीजान बाळंतपणात अडली तेव्हा गाडी जुंपून दवाखाना गाठला होता तो यानंच. त्यानं शपथेवर सांगितलं, "तलवार कणगीत पुरल्याली. माझ्यासमोर काढली." लालासाबकडं त्यानं बघितलंच नाही.

सहा महिन्यांची सजा झाली. वरच्या कोर्टातही ती कायम राहिली. मग जामिनावर राहून लालासाब मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. चाकाविना तीन वर्षं त्यानं दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली काम केलं.

हायकोर्टानं गिरणीचा हजेरीपट नीट वाचला. झडतीच्या वेळी कृष्णात पाळीवर होता. झडतीची कारणं आधी लिहून ठेवल्याशिवाय पोलिसांनी कुणाच्या घरात शिरायचं नाही, आणि ठाण्यात बसून सही करणारा तो पंच नव्हे, असा निकाल झाला. लालासाब सुटला. सामानही परत मिळालं.

चौथ्या दिवशी कृष्णात दारात आला.

"निकालात माझं नाव हाय काय?"

"हाय की."

"आता मला धरत्यात व्हय रं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा बोलायला आला, तो हे विचारायला. लालासाबनं विचारलं, "फौजदारानं मारलं हुतं काय तुला?"

"न्हाय. सही कर म्हणाला. म्हटलं, कशाला पोलिसांशी वाकडं घ्या."

नुसतं म्हणाला. लालासाबला वाटलं होतं, निदान धाक तरी घातला असेल. इतके दिवस त्यानं तेवढीच समजूत धरली होती.

"जा कृष्णा," तो म्हणाला. "धरत न्हाईत तुला."

त्या उन्हाळ्यात शिकलगाराचं बिऱ्हाड मुरगूडला गेलं.