एका जागेसाठी दोघी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या छात्रसेनेच्या तुकडीत बातमी आली, की लष्करातल्या एका पलटणीबरोबर होणाऱ्या शिबिरासाठी आमच्या कॉलेजातून एक मुलगी घेणार आहेत. पुढं अधिकारी व्हायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी ते शिबिर होतं. मुलींसाठी लष्कराचं दार तेव्हा नुकतंच किलकिलं झालं होतं.

निवडीसाठी दोन नावं गेली. एक माझं, एक माझ्या मैत्रिणीचं. मी सिल्लोडकडची. वडिलांची कपाशीची शेती, आणि मी शिकायला शहरात, मुकुंदवाडीत मामाकडं राहायची. ती शहागंजातली, तिचे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. सगळ्यांना वाटायचं, विरोध तिच्या घरातून होणार. झालं उलटं. अब्बा पहाटे तिला लुनावर मैदानात सोडायचे आणि आमचं पळणं संपेपर्यंत कुंपणाशी उभे राहायचे. माझे वडील मात्र म्हणाले, "पोरीनं बंदूक घेऊन कुणाशी लढायचंय?" मामा मध्ये पडला म्हणून निभावलं.

भूगोल शिकवणाऱ्या आमच्या बाईच छात्रसेनेचं काम बघायच्या. दोघींची तयारी एकत्रच करायची, हे त्यांनीच ठरवलं. "लपूनछपून केलीत तर दोघी अर्ध्याच तयार व्हाल," म्हणाल्या. पाठीवर वाळूची पिशवी बांधून आम्ही पळायचो. मला बहुतेक तिची पाठच दिसायची. रविवारी होकायंत्र आणि नकाशा घेऊन लेण्यांमागच्या डोंगरावर जायचो. तिथं मात्र ती गोंधळायची. एकदा तिनं आम्हाला थेट बोरीच्या काट्यांत नेऊन उभं केलं आणि वर म्हणाली, "नकाशाच चुकलाय." कॉलेजात परतल्यावर बाई खुर्चीत बसून सरावाची मुलाखत घ्यायच्या. मी खाली बघत बोलायची. "उत्तर फरशीवर लिहिलंय का?" बाई विचारायच्या.

निवड छावणीत झाली, इतर कॉलेजांच्या मुलीही आल्या होत्या. पळणं झालं, नकाशा झाला. मग ओंडके आणि दोर देऊन खंदक ओलांडायला सांगितलं. ते सगळं दोघींचंही बरं गेलं. शेवटी मुलाखत. समोर बसलेल्या तिघांपैकी केस पिकलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हा दोघींतली एकच घ्यायची, तर कुणाला घ्यावं?"

असला प्रश्न बाईंनीही कधी विचारला नव्हता. मी मैत्रिणीचं नाव सांगितलं. कारणंही सांगितली. ती माझ्यापेक्षा वेगानं पळते, घाबरत नाही. मघाशी एक मुलगी दोरावर अडकली तेव्हा मी ओंडका सरळ करत बसले होते, हिनं खालून बोलत बोलत तिला पलीकडं पोचवलं. सगळं खरं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तू इथं कशाला आलीस?"

मी उठून सलाम केला आणि बाहेर आले.

बाहेर लिंबाखाली ती बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. "तुझे भी वोच पूछे?"

"व्हय. मी तुझं नाव सांगितलं."

तिचे हात थांबले. "मैं तो मेराच नाम बोली," ती म्हणाली. मग नाडी ओढून काढत, "तुझा नकाशा माझ्यापेक्षा लई भारी आहे, हेबी सांगितलं. पण मला जायचं होतं ना."

मला राग आला. तिनं स्वतःचं नाव घेतलं याचा नव्हे. ते सांगताना तिला जराही ओशाळं वाटलं नाही, याचा. अब्बा लुना घेऊन आले, तेव्हा मी त्यांच्याशीही धड बोलले नाही. निकाल लागला, ती निवडली गेली, आणि आमचं बोलणंच बंद झालं.

बाईंकडं मी तक्रार केली, "मी खरं तेच सांगितलं होतं."

"खरंच सांगितलंस," बाई म्हणाल्या. "पण तुला जायचंय का, हे त्यांना कळलंच नाही."

मामाच्या घरी त्या दिवशी जेवताना माझं लक्ष मामीकडं गेलं. शेवटची गरम भाकरी ती प्रत्येकाच्या ताटाकडं नेत होती आणि कुणी विचारायच्या आत म्हणत होती, "मला नको." आईही असंच म्हणायची. मीही हेच शिकले होते, आणि ते वाईट आहे असं मला आजही वाटत नाही. पण ती भाकरी होती. मला त्या शिबिराला खरोखर जायचं होतं, रात्रंदिवस तेच डोक्यात होतं, आणि ते मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

शिबिराच्या आधीच्या रविवारी मैत्रीण मुकुंदवाडीला आली. अब्बा दारातच थांबले. हातातली नकाशाची गुंडाळी पुढं करून ती म्हणाली, "जानेसे पहले एक बार और सिखा दे." नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला दिशा कळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती तिथं हरवावी असं काही मला वाटत नव्हतं. आम्ही ओट्यावर नकाशा पसरला. मामीनं चहा आणला, अब्बांना आत बोलावलं. ऊन कलेपर्यंत मी तिच्याकडून डोंगर, नाले, वाटा घोटून घेतल्या. मध्येच ती चुकली आणि मला हसू आलं, मग तिलाही.

पुढच्या वर्षी मीही त्या शिबिराला गेले. या वेळी मुलाखतीत साहेबांनी दुसरंच काही विचारलं होतं, तरी "मला जायचंय" हे मी आधी सांगून टाकलं. अधिकारी मात्र मी झाले नाही. दोनदा निवड हुकली आणि मी बँकेत लागले. ती झाली.

बऱ्याच वर्षांनी ती सुट्टीवर आली असताना शहागंजातल्या घरी मी तिला विचारलं, "तेव्हा मला घेतलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"बहुत रोती," ती म्हणाली. "मग दोन दिवसांनी तुला पळवायला आले असते. तुझा दम फार कमी होता."

मला ते खरं वाटलं.