आठशे पायऱ्यांवरचं अंगण

माझी मावशी फिद्दा गुहेत जन्मली. पेट्राच्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा बदूल लोकांत याचं कुणाला नवल नाही, माझ्या आईचा जन्मही तिथलाच. पेट्रात दैरकडे, डोंगरमाथ्यावरच्या कोरीव मठाकडे, चढणाऱ्या आठशे पायऱ्या संपत येतात, तिथं डाव्या हाताला ती गुहा आहे आणि गुहेपुढं दोन सतरंज्यांएवढा सपाट कातळ. मावशी पहिलं पाऊल टाकायला शिकली ती त्या कातळावर, आणि नवरी होऊन निघाली तीही तिथूनच. पुढे सरकारनं समोरच्या डोंगरावर सिमेंटची घरं बांधून दिली आणि गुहा रिकाम्या झाल्या. मावशीनं घर घेतलं, किल्ली घेतली, आणि दुसऱ्या दिवशी किटली उचलून परत त्या कातळावर जाऊन बसली. चहा विकायचा, हे सांगायचं कारण. लोक कुठून कुठून पेट्राचं ते कातळात कोरलेलं शहर बघायला येत. ती आपल्या अंगणात जाई. अडतीस वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात ती घराच्या पायरीवरून घसरली. आठशे पायऱ्यांनी कधी दगा दिला नाही आणि या सिमेंटच्या दोनांनी दिला, असं येईल त्याला सांगत ती प्लास्टर घालून पडून राहिली. मग काठी आली. असे पाच महिने गेले.

आमच्यात जागा कागदावर नसते. रोज जो जाळ पेटवतो त्याची ती, एवढंच सगळे मानतात. कातळावर पाच महिने जाळ नव्हता. वसंतात मावशीच्या दिराच्या मुलानं, कुब्लाननं, तिथं आपली किटली चढवली. त्याच्या घरात तीन लहान मुली. रीतीनं पाहिलं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून कुणी मध्ये पडेना.

मावशीनं थोरल्या मुलाला, हामदला, सांगितलं की चार मोठी माणसं घेऊन जा आणि जागा मागून आण. मागणं घेऊन जायचं ते पुरुषांनीच. हामद गेला नाही. या वयात डोंगर कशाला चढायचा, आम्ही तुला काय कमी करतो, असं म्हणाला. ती म्हणाली, कमी काही नाही, फक्त तिथलं ऊन तुला घरी आणून देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती काठी घेऊन निघाली. पायथ्याच्या कण्हेरींपाशी गाढववाला अवदा भेटला. तो तिच्या बरोबरीनं चालत राहिला.

"काकू, बस की वर. गाढवालासुद्धा तुझी दया येतेय."

"मला गाढवाची येते," मावशी म्हणाली. "दिवसभर तुझी बडबड ऐकत चढतं बिचारं."

एरवी तासाभराची चढण. त्या दिवशी तिला चार तास लागले. पावसानं झिजून पन्हळीसारख्या झालेल्या पायऱ्या ती बसून, हातांनी अंग उचलत चढली. पुढचं मला कुब्लाननंच सांगितलं. वळणावर आधी काठी दिसली, मग ती. तो उठला, तिच्याखाली चटई सरकवली, मरमियाची रानटी, वासाची पानं टाकून चहा केला आणि पेला तिच्यापुढं ठेवला. मावशीनं पेला उचलला, आपल्या गुडघ्यासमोर दगडावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

कुब्लानला खूण कळली. मागणं घेऊन आलेला पाहुणा पुढं आलेली कॉफी पीत नाही. काय हवंय ते यजमानानं विचारायचं, आणि एकदा विचारलं की नाही म्हणणं फार जड जातं. पण ते पुरुषांच्या बैठकीतलं, कॉफीचं. एकट्या बाईनं, साध्या चहाच्या पेल्यावर, असं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कुब्लाननं विचारलंच नाही. पायाचं विचारलं, हामदचं विचारलं, शेळ्यांचंही विचारलं. मावशीनं सगळ्याची नीट उत्तरं दिली. दुपार कलल्यावर ती उठली आणि उतरू लागली. चहा तसाच होता, वर धूळ बसलेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या खेपेला साडेतीन तास लागले. येता-जाता खेचरवाले थबकत, आधी पेल्याकडं बघत, मग कुब्लानकडं, आणि पुढं जात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. घरी कुब्लानच्या बायकोनं भाकरी त्याच्यापुढं आदळली आणि विचारलं की पाहुणी दोन दिवस तहानलेली परत जाते, अशा घरची मी, हे चारचौघींत कसं सांगू?

मी त्या रात्री मावशीचे पाय चेपायला गेले होते. गुडघा कलिंगडासारखा सुजला होता. उद्या जाऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, "उद्या तो विचारेल. मी नसले तर विचारणार कुणाला?"

तिसऱ्या दिवशी कुब्लाननं पेला ठेवला आणि समोरच बसला. पिवळी टोपी घातलेली एक परदेशी बाई चहा मागत होती. त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"बोल काकू. काय हवंय?"

"माझं अंगण."

त्यानं जाळात एक काटकी सारली. तीन मुली, खालच्या वळणावरचा वारा, तिथं थांबणारी थोडी माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असं तो म्हणतो.

"तुझंच आहे," तो म्हणाला. "आता पी."

मावशी एका दमात प्याली. तीन दिवसांची तहान होती. मग सरकत सरकत गुहेच्या कोनाड्यापाशी गेली, हिवाळ्याआधी तिथं ठेवलेले आपल्या चुलीचे तीन काळे दगड काढले आणि मांडले. कुब्लान आपलं सामान बांधत होता. तिनं त्याला बसवलं, त्याच्याच किटलीतला चहा पेल्यात ओतला आणि त्याच्यापुढं ठेवला. आता तो पाहुणा होता.

कुब्लाननं पेला उचलला, दगडावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

मावशीनं त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "तुझं काय आता?"

"मी खालच्या वळणावर बसेन. पण तू रोज अवदाच्या गाढवावरून येणार-जाणार. नाही म्हणायचं नाही."

मावशीनं गुडघ्यावरून हात फिरवला. खाली, आल्या वाटेकडं पाहिलं.

"उतरताना," ती म्हणाली. "चढताना नाही. पी."