वजनावर घेतलेली लेन्स

मी लेन्स वजनावर घेतली.

लातूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. घागर असो की पातेलं, आधी तळहातावर तोलायचं, मग पेराने टिचकी मारायची आणि मगच भावाचं बोलायचं. हलकं भांडं म्हणजे पातळ, पातळ म्हणजे लवकर चेपणारं. वडिलांनी मला एवढंच शास्त्र शिकवलं आणि त्यावर माझी तीस वर्षं निभावली. नांदेडच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर तीन लेन्स मांडल्या होत्या. मी तिन्ही तोलून बघितल्या. टिचकी मारायला गेलो तेव्हा दुकानदाराने माझा हात धरला.

"काका, होडीत बसून काढणार ना? मग ही घ्या. हातात धरून काढता येते, जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं."

"हलकी हाय."

"हलकीच पाहिजे होडीत. ती तिसरी लई जड. आणि तिला पंधरा फुटांच्या आतलं दिसत न्हाई."

"पंधरा फुटांच्या आत यायला जनावर काय माझं पाव्हणं हाय का?" मी म्हणालो. दुकानातली दोन माणसं हसली. मला बरं वाटलं आणि मी तिसरी घेतली. किंमत घरच्यांना अजून खरी ठाऊक नाही.

हे खूळ कुठून आलं, ते सांगतो. माघात वडील गेले. आमच्यात दहन नसतं, बसवून पुरतात. विभूती झाली, बेल झाला, मग माती ढकलायची वेळ आली. सगळे रडत होते आणि मी पाण्यासाठी आणलेल्या कळशीकडे बघत होतो. पातळ होती, आपल्या दुकानातली नव्हती. कुठून आणली असेल, एवढंच डोक्यात. रडू आलं नाही. पुढच्या महिन्यातही आलं नाही, हसूही आलं नाही. गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की बसायचं. जेवण झालं का, असं बायकोने विचारलं तर ताटाकडे बघून सांगावं लागायचं.

मुलगी नांदेडला दिली आहे. ती म्हणाली, "अप्पा, शनिवार-रविवार इकडं येत जा. काहीतरी छंद लावून घ्या." जावयाने आपला जुना कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. मी चाकूरमार्गे एसटीने जायचो आणि विष्णुपुरी धरणाच्या काठावर उभं राहून पक्षी टिपायचो. फोटोत ते मोहरीएवढे यायचे. म्हणून लांबची लेन्स आणि म्हणून होडी.

होडी एका मच्छीमाराची होती. पन्नाशीचा गडी, त्याला सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. पत्र्याची होडी, दोन माणसांची. एकाने वल्ही मारायची, दुसऱ्याने जाळं ओढायचं. बसू द्याल का, असं विचारलं तर लेन्सकडे बघत त्याने उलट विचारलं, "शेट, ह्यात पानमांजराचा फोटू येतो का?"

"येतो की," मी म्हणालो. पाणमांजर मी जन्मात बघितलं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. दोन महिन्यांपासून जाळी फाटत होती. त्याचं स्वतःचं फाटलं, अजून दोघांचं फाटलं. मच्छीमार सोसायटीतले म्हणत होते, हे तुझ्या धाकट्या भावाचं काम. धाकट्याचं त्या दोघांशी जाळ्याच्या जागेवरून वाजलं होतं, त्यामुळे संशयाला फार लांब जावं लागलं नाही. सोमवारी बैठक होती. तीत तसं ठरलं तर धाकट्याला त्या पाण्यात जाळं टाकायला बंदी. मामाने मात्र ते जनावर दोनदा डोळ्यांनी बघितलं होतं. सांगितलं तर चेअरमन म्हणाला, "धरणात पानमांजर? किती घेतली होतीस?"

"फोटू दावला की तोंड बंद हुतंय," मामा म्हणाला. "भाऊ हाय ओ माझा. दुसरं काय येतंय त्याला?"

निकाल लागेपर्यंत धाकट्याने होडीत पाय ठेवायचा नाही, असं सोसायटीने बजावलं होतं. तो ज्या फळीवर बसायचा, त्या फळीवर मी बसलो.

आमच्या घरात मासळी दारातूनही जात नाही. इथे पायाखाली खवले, बाजूला काल रात्रीचं ओलं जाळं, आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून मी मध्ये. लेन्स टेकवायला ज्वारी भरलेली पिशवी होडीच्या काठावर ठेवली. त्यावर लेन्स ठेवली आणि काठ पाण्याला लागायला आला.

"शेट, मधी सरका. होडी एका अंगाला चालली."

"मधी सरकलो तर लेन्स टेकत न्हाई."

"मग मी तिकडं बसतो," म्हणत मामा विरुद्ध काठावर जवळजवळ लटकला. शनिवारी सकाळी आम्ही असे तीन तास फिरलो. काही दिसलं नाही. मुलीने दारातच पँट बदलायला लावली.

रविवारी उजाडताच पुन्हा निघालो. पाण्यात बुडालेल्या बाभळीचं एक खोड वर आलेलं होतं, त्याला जाळ्याचा दोर बांधलेला. मामाने वल्ही थांबवली. जाळं हललं. पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं, मग मिशा, मग सगळं ओलं तपकिरी अंग खोडावर चढलं. तोंडात मासा. माझ्यापासून आठ-नऊ फुटांवर बसून ते मासा डोक्याकडून खायला लागलं. कुरूम कुरूम आवाज येत होता.

मी डोळा लावला. आत नुसतं धुकं. लेन्स घर्र करून पुढे गेली, घर्र करून मागे आली. मी दाबत राहिलो.

मामाने हळूच खिशातून मोबाईल काढला. मी त्याचा हात धरून खाली दाबला.

"मोबाईल ठेवा. मला कशाला आणलंय मग?"

त्याने ठेवला. जनावराने आमच्याकडे बघितलं, खाणं चालूच ठेवलं. होडी दोन वल्ही मागे घ्या, एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. सुचलं नाही. छाती धडधडायला हवी होती, तीही धडधडली नाही. बिल फाडत असल्यासारखं बोट चालत होतं. मासा संपला. जनावर पाण्यात शिरलं आणि जाळ्याचा एक कोपरा त्याच्यासोबत टरकन फाटला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. पलीकडच्या काठावर एक म्हैस उभी होती. तिच्या पापण्या मोजता येत होत्या. पुढे काचेवर चिंचेचा कोळ सांडावा तसा एक तपकिरी पट्टा. चाळीस फोटो, चाळीसही असेच.

"ह्यात ते कुठं हाय?" मामाने विचारलं.

मी बोट ठेवलं.

"हे?"

"हाव."

तो जाळं गोळा करायला लागला. मी वल्ही हातात घेतली, मला मारता येत नव्हती, होडी जागच्या जागी फिरली. त्याने ती माझ्या हातून काढून घेतली.

सोमवारी काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक झाली. पंधरा-वीस माणसं होती. धाकटा खांबाला टेकून उभा होता. मी आत गेलो तेव्हा त्याने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तो सरळ उभा राहिला. त्याआधी आम्ही कधी बोललोही नव्हतो.

चेअरमनने कॅमेरा हातात घेतला, मागेपुढे करून बघितलं.

"म्हैस झकास आली, शेट."

शेड हसलं.

"ही म्होरली घाण कशाची?"

"पानमांजर," मी म्हणालो.

"काचंला काय तरी लागलंय तुमच्या."

मामा उठला. "मी डोळ्यांनी बघितलं. शेटनी बी बघितलं. इचारा की."

चेअरमनने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बघितलं. तो म्हणाला, "तुमी त्यांच्याच होडीत बसून राहिले ना, शेट? मग ते दावतील तेच बघणार." त्याचं काही चुकलं, असंही म्हणता येत नव्हतं.

ठरलं. पुरावा मिळेपर्यंत धाकट्याची जाळी बाहेर. धाकट्याने टोपी झटकली आणि तो गेला. कुणीतरी चहा फिरवला, मी घेतला. साखर जास्त होती. वाईट वाटायला हवं होतं. मी कप हातात धरून वाईट वाटण्याची वाट बघत बसलो. ते आलं नाही. मग दुसरा कप घेतला.

त्या रात्री लातूरला निघायचं होतं, निघालो नाही. सकाळी पुन्हा पाण्यावर गेलो. मामा एकटाच होडीत होता. चार वल्ही मारायची, ती टाकून पलीकडे जायचं, जाळं ओढायचं, तोवर होडी वाहून जायची, मग पुन्हा वल्ही. मी काठावरून बघत होतो. त्याला काठाला यायला बराच वेळ लागला.

"भाऊ कुठंय?" मी विचारलं.

"उमरीला गेला. हमालीला." त्याने जाळं खाली टाकलं. त्यात तीन मासे आणि दोन भोकं. "घरची बी गेली संगं."

मी म्हणालो, "मामा, पुढची बैठक कधी हाय?"

"महिन्यानं. पुरावा आना म्हनले, मंग बघू."

"मग मी येतो. दर शनिवारी येतो. आता चूक कळली मला. होडी मागं घ्यायची होती. पुन्हा बसू आपण."

तो खाली बसून जाळ्यातलं एक भोक बोटांनी पसरून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमी नका येऊ. तुमच्या वळखीत फोटू काढनारं कुनी असलं तर धाडा, शेट."