संत अंतोनीचं ओलीस बाळ

आमच्या आईचं आणि संत अंतोनीचं लई वाकडं होतं. भांडण एकतर्फी होतं, कारण संत प्लॅस्टरचा आणि आई गंगापूरची.

संत अंतोनी म्हणजे हरवलेली वस्तू शोधून देणारा. किल्ल्या, चष्मा, गॅसचं पुस्तक, सगळं त्याच्याकडं मागायचं. आईची हरवलेली वस्तू म्हणजे आमचे पप्पा. तसे ते कुठं गेले नव्हते. दर रविवारी स्कूटरवरून आम्हाला चर्चच्या फाटकाशी सोडायचे आणि समोरच्या लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. पण आत? नाव नको. पूर्वी ते मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, गायनात ढोलकी वाजवायचे. एका नाताळात तेव्हाच्या फादरनी कीबोर्ड आणला आणि म्हणाले, "ढोलकी जरा राहू द्या." पप्पांनी ढोलकीबरोबर चर्चही राहू दिलं. ते फादर बदलून गेले, नवे आले, तेही गेले, पप्पा आपले लिंबाखाली. एवढा रुसवा आमच्या आत्यानं स्वतःच्या लग्नातल्या साडीवरूनसुद्धा धरला नव्हता!

आई रोज संध्याकाळी रोझरीची माळ घेऊन प्रार्थनेला बसायची. आधी हेतू मोठ्यानं जाहीर करायची, "घरातल्या एका हट्टी माणसासाठी." हट्टी माणूस टीव्हीचा आवाज वाढवायचा. मग आई स्वतःचा वाढवायची. शेजारच्या काकूंनी एकदा न राहवून विचारलं, "ताई, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का हो?"

"देवाला नाय, ह्यांना," आई म्हणाली.

असं वर्षानुवर्षं चाललं. मी वैतागून म्हणायचे, "आई, सोड ना आता. नाही यायचे ते." तर म्हणे, "मी सोडल्यावर कोण धरणार?" आणि लगेच पुढचा मणी. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

मग आमच्या महिला मंडळात वसईची एक मावशी आली. तिनं तिच्याकडचा उपाय सांगितला. संत अंतोनीच्या हातावर बाळ येशू बसलेला असतो ना, तो काढून घ्यायचा. मागणं पुरं केलंस तरच बाळ परत, असं संताला बजावायचं. आमच्या मूर्तीतला बाळ एका खुंटीवर बसवलेला होता, अलगद निघायचा. आईनं त्याच संध्याकाळी काढला.

"आई, हे अपहरण आहे," मी म्हटलं.

"व्हय. मग करावी की त्यानं सुटका!"

गंमत म्हणजे पप्पांना त्या रिकाम्या हाताच्या संताची दया यायची. ते गुपचूप बाळ हुडकून परत बसवायचे. म्हणून आई जागा बदलायची. चहाचा डबा झाला, उशीचा अभ्रा झाला, शेवटी तिनं बाळाला ज्वारीच्या डब्यात पार तळाशी पुरलं.

आणि त्याच रविवारी पप्पांना घरकामाचा उमाळा आला. आम्हाला मिस्साला सोडून ते घरी गेले आणि ज्वारीचा डबा घेऊन चर्चच्या गल्लीतल्या गिरणीत हजर झाले. गिरणीवाल्या चाचांनी डबा थोडा थोडा करून वर ओतायला घेतला. सगळी ज्वारी दळत आली आणि शेवटच्या पसाभर दाण्यांबरोबर तळातला बाळ येशू टणकन गिरणीच्या तोंडात पडला. चाचांनी झडप घालून त्याला उचललं, गिरणी बंद केली आणि ओरडले, "क्या मियाँ, ज्वारी में बच्चा कायकू डाले?"

बाळाची दोन बोटं उडाली होती. पप्पांचं धाबं दणाणलं. भाकरीच झाली असती की देवाची! आईला कळायच्या आत फादरना सांगून मोकळं व्हावं, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. स्कूटरवर पीठ ठेवलं तर बकऱ्या तोंड घालतील म्हणून डबा खांद्यावर घेतला, बाळ खिशात घातला आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले पप्पा चर्चात शिरले.

तो नेमका सुगीचा रविवार होता. अर्पणाच्या वेळी लोक धान्य, भाज्या, फळं घेऊन रांगेनं वेदीकडं निघाले होते. खांद्यावर डबा बघून लोकांनी पप्पांना कौतुकानं वाट करून दिली. मागून कुणीतरी ढकललंही. बघता बघता आमचे पप्पा वेदीसमोर! फादरनी हसून डबा घेतला, आशीर्वाद दिला. पप्पांनी खिशातून बाळ काढला.

"फादर, ह्यो गिरणीत पडला व्हता."

पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं, आणि आई पहिल्याच बाकावर होती. पदर तोंडाला लावून ती हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. परत फिरणाऱ्या पप्पांचा शर्ट धरून तिनं त्यांना शेजारी बसवलं. पुढच्या गाण्याला त्यांची बोटं बाकावर ठेका धरायला लागली. फळीवर पिठाचे ठसे उमटत होते.

अर्पण केलेलं पीठ परत कसं मागायचं? आठवडाभर आम्ही भात खाल्ला.

त्याच रविवारी दुपारी पप्पांनी गोंद आणून बाळ संताच्या हातावर असा पक्का चिकटवला, की आता संतालाही सोडवता येणार नाही. "आता मी ह्याला धाकात कसं ठेवू?" आई करवादली. पप्पांनी गोंदाच्या बाटलीला झाकण लावलं.

संध्याकाळी ती रोझरीला बसली. हेतू सांगायला तोंड उघडलं आणि काही सुचेना, तशीच तिनं सुरुवात केली. पहिल्या 'नमो मरिये'चा अर्धा भाग तिचा झाला, आणि इतरांनी म्हणायचा उरलेला अर्धा पेपराआडून पप्पांच्या आवाजात आला. टीव्ही बंद होता. इतक्या वर्षांत कशालाही न थांबलेली माझी आई थांबली. मणी हातात तसाच.

पप्पांनी पेपर खाली केला. "थांबलीस कशाला? म्हण की पुढं."