वहिनीची रिंग

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात शेपू निवडत होते. "आत्या, आई गेली. झटका आला," पेणजवळच्या गावाहून भाचा सांगत होता. जुडी तिथेच टाकून एसटी गाठली. वडखळला गाडी अडकली आणि मला रडू फुटलं. दोन महिने झाले त्याला. पण मला छळतंय ते मी बोललेलं एक वाक्य.

वहिनीची गर्भाची पिशवी खाली उतरली होती, धाकट्याच्या बाळंतपणापासून. आतलं बाहेर येऊ नये म्हणून ती टाचेवर बसायची. आणि मी शहाणी चिडवायचे, "पळायच्या तयारीत का गो बसलीस?" खरं कळलं तेव्हा मीच तिला पेणला बाईडॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशनला ती तयार नव्हती. मग त्यांनी पिशवीला आधार म्हणून आत मऊ रबरी रिंग बसवली, दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. त्या वर्षी लावणी उरकून वहिनी म्हणाली, "शैला, शिंकायचं भ्याव गेलं गो माझं!" किती हसलो होतो दोघी.

मग गौरी आल्या. नैवेद्याच्या भाकऱ्या थापणं हा वहिनीचा मान. तपासणीची तारीख टळून गेली होती... घरात पाहुणे, तिला नेणार कोण? तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "वहिनी, वास येतोय. आज नैवेद्याला हात नको लावूस." कानात बोलले म्हणून स्वतःला समजूतदार समजत होते. जळो माझं तोंड! वहिनीनं हात धुतले आणि ती पडवीत जाऊन बसली. डॉक्टरांकडे गेलं की वास थांबतो, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही.

पुढच्या गौरींना ती पुन्हा चुलीपुढे होती. टाचेवर. "रिंग?" मी विचारलं. "आता गरज नाय म्हणाल्या बाई." मी खरं मानलं... मानून घेतलं, सोयीचं होतं. नंतर तिचं माझ्याकडे रोह्याला येणंही थांबलं. एसटीचे धक्के सोसत नाय, म्हणायची.

परवा तिची पेटी आवरताना गौरीच्या ओटीच्या खणात गुंडाळलेली रिंग निघाली. स्वच्छ धुतलेली. "आत्या, कुकरचं रबर पेटीत कशाला ठेवलं आईंनी?" सून सारिकानं विचारलं. आणि मी, एवढं होऊनही, म्हटलं, "असेल कसलंतरी." ती ते घेऊन स्वयंपाकघरात गेली, लहान कुकरच्या झाकणाला लावून बघू लागली. "बसत नाय हो..."

मग मात्र राहवलं नाही. "ठेव ते. तुझ्या सासूचं आहे," म्हटलं आणि सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. (सारिकाला विचारूनच हे लिहितेय.) रिंग हातात धरून ती वहिनीच्या पाटावर बसली. टाचेवर.

"कधीपासून गो?" मी विचारलं.