वणीहून वणीपर्यंत

त्या सकाळी आर्णीच्या बसस्टँडपाशी यात्रेची बस लागली. बायका उतरल्या, पिशव्या उतरल्या, प्रसादाचे नारळ उतरले. माझ्या सासूबाई तेवढ्या उतरल्या नाहीत. मी आत चढून पाहिलं. त्यांच्या सीटवर घडी घातलेली शाल होती आणि शालीवर शुगरच्या गोळ्यांची डबी. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या कमलबाईंना विचारलं, तर त्या डोळे चोळत म्हणाल्या, "बुढी तं वणीलेच उतरली ना. पोरीच्या घरी जातो म्हणे."

वणी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक, कोळशाच्या खाणींचं गाव. माझी नणंद सुमन तिथे दिलेली. आई लेकीकडे परस्पर गेल्या, सुनेला सांगायची गरज वाटली नाही, म्हणून मला आधी रागच आला. दुकानात येऊन सुमनला फोन लावला. "माय? माय तं नाही आली इथं," ती म्हणाली, आणि माझा राग जागच्या जागी विरला.

मी देवाधर्मातली बाई नाही. आमचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. मोटार बंद पडली तर वायर पाहायची, देवाला हाक मारायची नाही, ही माझी रीत. आई मात्र उठता-बसता 'माय भवानी' म्हणणाऱ्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, साखर वर-खाली होणारी, जवळ फोन नाही, आणि अलीकडे नावंही विसरू लागलेल्या. यजमानांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांना मी फोनपाशी बसवलं आणि गाडी काढली.

यवतमाळ मागे टाकून करंजी-मारेगावच्या रस्त्याने वणी गाठली. पानं झडलेलं सागवान दोन्ही बाजूंना उभं होतं. एरवी मला तो रस्ता आवडतो, त्या दिवशी नुसता लांबत गेला. सुमन आणि मी दवाखाना पाहिला, देवळं पाहिली, बाजार पाहिला. शेवटी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं. आतल्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात्रा कुठची होती बाई?"

"शिर्डी, त्र्यंबक, सप्तशृंगी."

"मंग तिकून आर्णीले येणारी बस वणीले कायले येईन? आर्णी तं लय आधीच लागते." त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "बुढी त्या वणीले तं नाही ना उतरली? गडाखालच्या?"

आमच्याकडे वणी म्हटलं की एकच. दुसरी वणी नाशिककडे, सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशी आहे, हे मला काय माहीत नव्हतं? पण घाबरलेल्या माणसाला नकाशा दिसत नाही. कमलबाईंना पुन्हा फोन केला, तेव्हा उलगडलं. गडावर दर्शन झालं, जेवणं झाली, बस खाली उतरली, सगळ्या पेंगल्या. चहासाठी गाडी थांबली आणि क्लीनर ओरडला, "वणी आली, वणी!" आई दचकून जाग्या झाल्या, पिशवी काखेत मारली, 'पोरीच्या घरी जातो' म्हणाल्या आणि उतरल्या. कमलबाईंनी अर्धवट झोपेत 'हो' म्हटलं. जागं झाल्यावरही त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. यात्रा काढणाऱ्या मंडळाच्या माणसाने विचारलं, तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. आर्णीच्या बाईला वणीत लेकीकडे जाणारी बाई चुकलेली वाटणारच नाही.

तिकडच्या पोलिसांना फोन केला. आर्णीची कोणी म्हातारी हरवल्याची नोंद त्यांच्याकडे नव्हती. बघतो म्हणाले. फोनवर बसून राहणं मला जमणार नव्हतं. "वहिनी, मी देवीले नवस बोलतो," सुमन रडत म्हणाली. "नवस नंतर बोला, ताई. आधी हवा आणि पेट्रोल," मी म्हटलं. चारही चाकांत हवा भरून घेतली आणि निघालो. एका वणीहून दुसऱ्या वणीला. मध्ये जवळजवळ अख्खा महाराष्ट्र.

हौसेने निघालेली माणसं या प्रवासाला सुंदर म्हणतील, आणि तो तसा आहेही. माझ्या मनात मात्र प्रत्येक प्रदेश एकच प्रश्न विचारत होता: इथे कोणी एकटी म्हातारी पाहिली तर थांबेल का? आमच्या काळ्या मातीत रस्ता कधी सरळ राहत नाही. माती पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं, गाडी होडीसारखी डोलते. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. कारंजाच्या पुढे समृद्धी महामार्ग धरला. तिथे जमीन उंच-सखल होत जाते आणि रस्ता डोंगर कापून सरळ काढलेला, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती. मेहकर सोडल्यावर झाडं विरळ झाली, माळ उघडे पडले. विहिरींची तोंडं मोठी दिसू लागली. मी धंद्याने पाणी जोखणारी, मला कळत होतं, इथे पाणी खोल. इतकं खोल पाणी, इतके उघडे माळ, आणि आईंच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. सिंदखेडराजाला मुक्काम केला. झोप कोणालाच लागली नाही.

सकाळी गोदावरीच्या अंगाला आलो, तसा हिरवा रंग परतला. ऊस, कांदा, पुन्हा ऊस. पुढे येवल्यानंतर डोंगर एकदम उभे राहिले, आमच्याकडच्या गोल टेकड्यांसारखे नव्हे, करवतीने कापल्यासारखे. चांदवड ओलांडून लहान रस्त्याला लागलो आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. मागचं चाक बसलं होतं. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही. चार चाकं तपासणाऱ्या शहाण्या बाईने पाचवं पाहिलंच नव्हतं. फोनला रेंज येत-जात होती. ओळखीचं कोणी नाही, माझ्या हातात करण्यासारखं काही नाही.

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. समोर दूर डोंगरांची रांग होती. त्यातला कोणता गड, तेही मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला म्हणाले ते न ठरवता, मी म्हणाले, "मला जमलं तेवढं केलं. आता तूच बघ." मोठी भक्ती वगैरे काही नव्हती. दमलेल्या माणसाने डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं, तसं ते होतं. पण ठेवल्यावर छाती हलकी झाली, हे खरं.

सुमन रस्त्याच्या मधोमध हात हलवत उभी होती. दोन गाड्या गेल्या. तिसरी कांद्याची पिकअप. तीही पुढे गेली, तशी सुमन तिच्यामागे कडाडली, "ओ भाऊ! थांबा ना! मी कवाची हात करून राह्यलो!"

पिकअप थांबली आणि मागे आली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. तो हसत होता. "ताई, बाईमाणूस असून 'मी राह्यलो' म्हणता?"

"तुमाले कायले पाह्यजे? आमच्याकडं असंच बोलतेत," सुमन फणकारली.

त्याचं हसू थांबलं. "कायले," तो स्वतःशीच म्हणाला. "कुठल्या तुम्ही? आमच्या वस्तीवर परवापासून एक आजी हाये. ती बी असंच 'कायले, काहून' करती, 'मी जातो, मी येतो' म्हणती. आम्हाला वाटलं, म्हातारीच्या बोलण्यात काही बिघाड झालाय."

सुमन रस्त्यातच खाली बसली. मी मात्र, मला आठवतं, आधी विचारलं, "त्यांनी जेवण केलं का?"

"केलं का? भाकरी जाड झाली म्हणून माझ्या बायकोला शिकवती ती!"

आमची स्टेपनी त्याने कांद्याच्या गोण्यांवर टाकली आणि आम्हाला आपल्या शेजारी बसवलं. वाटेत त्याने सांगितलं. आई वणीच्या चौकात 'सुमनचं घर कुठी हाये' असं विचारत फिरत होत्या. त्याच्या बायकोने त्यांना पाहिलं आणि वस्तीवर नेलं. आई ठासून सांगत की लेक वणीतच राहते, नवरा खाणीत आहे. तिथे खाण कुठली! तरी या लोकांनी गल्लीगल्लीत सुमनची चौकशी केली, पोलिसांनाही सांगितलं. पण पोलिसांकडे आमची आजी होती आर्णीची हरवलेली, आणि त्यांची होती वणीत लेक शोधणारी. दोन्ही एकच, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आजीला गोड कमी द्यायचं, एवढं त्याच्या बायकोने गावच्या डॉक्टरला दाखवून विचारून घेतलं होतं.

द्राक्षाच्या मांडवाजवळ बाजेवर आई बसल्या होत्या, मांडीवर शेंगा निवडायला घेतलेलं सूप. त्यांनी आम्हाला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि लेकीला म्हणाल्या, "सुमे, तुह्या वणीत तुले कोणी कुत्रं ओळखत नाही वं!"

मग तिघी हसलो आणि तिघी रडलो. मीही. मी आईंच्या हातात गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या दिला. त्या घरच्या बाईला मी ओटी भरायला खण घ्यायचा म्हटलं, तर ती म्हणाली, "माझी न्हाई, गडावरल्या बाईची भरा. पाहुणी तिच्याच दारातून आलेली."

चाकात हवा भरून आणल्यावर आम्ही गडावर गेलो. आईंनी दोन दिवसांपूर्वी घेतलेलं दर्शन पुन्हा घेतलं, आणि मी पहिल्यांदा घेतलं. मागितलं काहीच नाही. मागायचं सगळं त्या दगडावर बसून मागून झालं होतं, आणि उत्तर आमच्याच बोलीत आलं होतं. लोक विचारतात, चमत्कार होता का? मी सांगत नाही. चाक बसलं नसतं तर ती पिकअप आमच्या शेजारून गेली असती आणि आम्ही गावात शोधत बसलो असतो, एवढंच मला ठाऊक आहे. कधीतरी सापडल्याही असत्या. पण त्या दिवशी सापडल्या.

परतीच्या वाटेवर तेच माळ, त्याच विहिरी, तीच काळी माती. आता मला प्रत्येक वस्तीवर एक बाज आणि शेंगांचं सूप दिसत होतं. कारंजाच्या अलीकडे मी आईंना जरा दटावलंच. "आई, न पाहता, न विचारता कोणत्याही गावात उतरायचं? आम्ही आलो नसतो तर?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या, "वणी म्हणाले, मी उतरलो. वणीले उतरलो तं पोरगी भेटन, मले माहीत होतं." मग माझ्याकडे वळल्या. "भेटली का नाही?"

मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहिले. "भेटली," मी म्हणाले.