कासरा धरणारा रघू

रघू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अवसरीच्या घरी कांदे निवडत होते. त्याची मुलगी एवढंच म्हणाली, "आत्या, पप्पा गेले... झोपेतच." तिसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीनं भलामोठा हार पाठवला. मी तो फोटोला घालू दिला नाही. चार लोकांना राग आला. येऊ दे.

रघू माझा धाकटा भाऊ, पिंपळवंडीचा. आधी विमान चालवायचा, पुढं नव्या वैमानिकांना शिकवायचा. माझी शाळा चौथीपर्यंत, पण यंत्रावर विसंबून हात सोडू नये, हे त्याचं म्हणणं मला बैलगाडीवरून कळलं. लहानपणी तो दादांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर, नारायणगावच्या बाजारातून बैलगाडीनं परत येत होता. बैलांना वाट पाठ, म्हणून दादा कासरा सोडून झोपायचे. सगळेच झोपायचे. त्या दिवशी वाटेत कुणी पाण्यासाठी चारी खणली होती. बैल कडेला येऊन थांबले. दादा दचकून उठले आणि घाईत भलत्याच बाजूचा कासरा ओढला... गाडी चारीत गेली. दादा जन्मभर लंगडले. रघू म्हणायचा, बैल चुकले नव्हते.

दोन हजार सालानंतर विमानं वाढली, वैमानिक कमी पडायला लागले. विमान यंत्रावर चालतंय, मग हातानं उतरवायचा सराव कशाला, असं कंपनीत ठरलं. त्यात वेळ जातो ना! एका पोराला रघूनं पास केलं नाही. साहेबानं त्याला दुसऱ्याकडून पास करून घेतलं, आणि रघूला, तुम्ही जुने झालात म्हणून, ऑफिसात बसवलं. शिकवणं बंद.

त्या आठवड्यात तो माझ्याकडं आला. म्हणाला, "पोरगं हुशार हाय, आक्का. पण हात बसला न्हाई. यंत्र मधीच थांबलं तर ते दादांवानी दचकून उठंल. आन् मागं माणसं बसल्याली असत्यात."

"मग त्या साहेबालाच बसव की मागं," मी म्हटलं.

तो हसला, पण ताटावरून तसाच उठला. पुन्हा त्याला शिकवायला कुणी बोलावलं नाही. आता त्याच साहेबानं हारावर चिठ्ठी लावली होती, 'वैमानिक घडवणारे गुरू.' घडवू दिलं होतं का तुम्ही?

अवसरीचे आमचे बैल केव्हाच विकले. कासरा तेवढा गोठ्यात खुंटीला राहिला. रघू आला की शेजाऱ्याची बैलगाडी मागायचा, हाच कासरा लावून शिवारात फेरी मारायचा. हात विसरतो, म्हणायचा. परवा गोठा झाडताना माझ्या मुलानं विचारलं, "आई, ट्रॅक्टर आलाय, हा टाकू का?"

"आधी धरून दाखव," मी म्हटलं.

कुठल्या हातात कसा घ्यायचा, तेच त्याला कळेना. कासरा खुंटीलाच आहे.